चांगुणा आणि घूस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घुशीचं बीळ बुजवणं. देवदर्शन नाही, कुणाचं लग्न नाही, शेतावरची फेरी नाही. घुशीचं बीळ. चुलीमागच्या कोपऱ्यात, पश्चिमेची भिंत जिथं जमिनीला टेकते तिथं, घूस रात्रभर माती उकरून बाहेर टाकत होती. सकाळी बघावं तर कमरेएवढा म्हणवत नाही, पण घोट्याच्या वर येईल असा ढीग. माझी बायको चांगुणा त्या ढिगाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "पाया तर खणलान हिनं. आता घर कवा बांधतेय ते बघू."

श्रावण होता. ती पाट घेऊन बसली, मी गुडघ्यांवर. तिनं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात फुटक्या बांगड्यांच्या काचा. हातातली बांगडी फुटली की ती तुकडे वेचून त्या डब्यात टाकायची, आयुष्यभर टाकत आली. घूस माती उकरते, खडा बाजूला सारते, पण पायाला काच लागली की मागे फिरते. मी मूठभर काचा बिळात कोंबल्या, दुसरी मूठ भरली, तसं तिनं माझं मनगट धरलं.

"समद्या नका घालू. पुन्यांदा लागतील."

"आता कशाला येतेय ती परत?"

"येनार. तिला दुसरं घर कुठं हाय?"

काचांवर खडे ठोकले. खड्यांवर शेण, भाताचा तूस आणि लाल मातीचा गोळा. मग तिनं वरून तळव्यानं लेप ओढला. त्याला आम्ही हात देणं म्हणतो. मातीच्या भिंतीला एक हात पुरत नाही. पहिला वाळला की त्यावर दुसरा द्यायचा, मग ते धरतं. "दुसरा हात उद्या सकाळच्याला देऊ," असं म्हणून ती उठली, हात धुतले, चहा टाकला. दुपारी जेवून तिथंच चुलीजवळ घोंगडी टाकून आडवी झाली. पुढच्या चहाला मी हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर आला आणि म्हणाला, हृदय बंद पडलं. ते मलाही दिसत होतं. यावर मी जास्त लिहिणार नाही.

आता वर्ष फिरून परत श्रावण आला, आणि या घरात परत तो ओलीचा वास आला. पावसावर लोक फार गोड लिहितात. हिरवं हिरवं म्हणतात. लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून बसावं आणि मग लिहावं. आमचं घर शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला. कारवीच्या काठ्यांचे कुड, त्यावर मातीचा गिलावा, वर कौलं. आषाढात ओल घोट्याएवढी चढते, श्रावणात गुडघ्याएवढी. तिला आवाज नाही, पाय नाहीत, तरी ती वर चढते. मीठ पाझरतं. पापड चामड्यासारखा होतो. दाराच्या चौकटीला पांढऱ्या छत्र्या फुटतात. ठेवणीतलं लुगडं काढावं तर जरीवर बुरशीचे ठिपके. काड्यापेटी ओढून ओढून बोट सोलतं पण काडी पेटत नाही, म्हणून चांगुणा काड्यापेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. शेजारणी हसायच्या. मग त्यांच्या काड्या पेटेनात की आमच्याकडे विस्तव मागायला यायच्या.

ओलीमागून सगळे येतात. ओल म्हणजे आवतणच. वाळवी येते, चौकटीच्या आतून लाकूड खाते आणि वरचा रंग तसाच ठेवते, चोर बघा किती. गोम येते, विंचू येतो, पाण्याच्या मडक्यामागं बेडूक येऊन बसतो आणि भाड्यानं राहिल्यासारखा चार महिने बसतो. छपरावर वानरं येतात. वानराला कौल फोडायचं नसतं, त्याला फक्त उडी मारायची असते, पण कौल फुटतं आणि तिथून खाली पाण्याची धार लागते. चांगुणा अंगणात उभी राहून त्यांना शिव्या द्यायची. नुसत्या नाही, नाव घेऊन. एका म्हाताऱ्या वानराला तिनं माझ्या मोठ्या आत्याचं नाव ठेवलं होतं, कारण आत्याही अशीच येऊन बसायची, खायची आणि जाताना काहीतरी मोडून जायची.

आढ्यावर एक धामण असायची. दर पावसाळ्यात यायची. चांगली लांब, पिवळट. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी काठी घेतली. चांगुणा मध्ये उभी राहिली. "तिला काय करताव? ती उंदीर खाते. तुमी खाताव का?"  धामण राहिली. एकदा जेवताना तिची कात वरून माझ्या ताटाशेजारी पडली. मी उठलो. चांगुणा म्हणाली, "बसा. लुगडं बदललंय तिनं, बघू नका वर."

धामणीला माफी होती, बेडकाला होती, वानरांना शिव्यांवर सोडलेलं होतं. घुशीला मात्र माफी नव्हती. घूस कुड पोखरते, आणि कुड गेला की घर बसतं. शिवाय घूस कणगीत शिरते. कणगी म्हणजे भात साठवायचा बांबूचं मोठं पिंप, आणि त्याच्या तळाशी पुढच्या सालाचं बियाणं. चांगुणा कणगीला शेणानं लिंपायची, भातात कडुनिंबाचा पाला घालायची, राख घालायची. रोज सकाळी कणगीभोवती फेरी मारायची, देवळाभोवती मारतात तशी. देवळाला एवढी गेली नाही.

आणि धूर. घरात गॅस आहे. मुलानं आणून दिला, शेगडीही चांगली आहे. पण पावसाळ्यात ती चूलच पेटवायची. स्वयंपाक हे निमित्त. खरं काम धुराचं. धूर आढ्याला लागतो, वासे सुके राहतात, वाळवी वर चढत नाही, भिंतीची ओल मागं हटते. निखाऱ्यांवर कोंबड्या झाकायचं डालगं उलटं टाकून त्यावर ती ओले कपडे पसरायची. आमचा संतोष शहापूरच्या शाळेत जायचा तेव्हा त्याच्या शर्टाला धुराचा वास यायचा आणि पोरं त्याला 'भाजलेला' म्हणायची. तो रडत घरी आला. चांगुणा म्हणाली, "त्यांचे शर्ट हुंग. कुबट येतील. तुजा सुका हाय." आता संतोष आटगावला स्टेशनजवळ बिल्डिंगीत राहतो. कामाला जातो, लोकलचा पास आहे, सून शिकलेली आहे, कशाला नावं ठेवू? चांगलं घर आहे. पण त्यांच्या पलंगामागच्या सिमेंटच्या भिंतीलाही ओल येते. त्यांनी तिच्यावर फुलांचा कागद लावलाय. कागद फुगतो. मी तिथं झोपलो की रात्रभर त्या फुगलेल्या फुलांकडे बघत असतो. चांगुणा एकदाच त्या घरी राहिली आणि सकाळी सुनेला म्हणाली, "गो, भिंत अशी झाकू नको. आजारी मानसाच्या तोंडावर पदर टाकल्यासारखं वाटतंय."

तर सांगत होतो ते मागच्या श्रावणाचं. ती गेली आणि सुतक लागलं. सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही. भाकरी शेजारून येते. माणसं येतात, ओटीवर बसतात, तंबाखू मळतात, "वाईट झालं" म्हणतात. वाईट झालं ते मला ठाऊक होतं. मी भिंतीकडे बघत होतो. भर श्रावणात धूर थांबला आणि ओल जी सुटली, तशी चढताना मी ती कधी बघितली नव्हती. जणू कुणी तिला निरोप धाडला होता की आता मैदान मोकळं आहे. गुडघ्यावरून कमरेला आली. चौकटीला छत्र्या फुटल्या. चांगुणाचं धुतलेलं लुगडं दांडीवर होतं ते तसंच ओलं राहिलं, मग त्याला वास सुटला, मग कुणीतरी ते उचलून नेलं.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी माझी मोठी बहीण, आक्का, वैशाखऱ्याहून आलेली, तिनं पीठ मांडलं. आमच्यात ही रीत आहे. जिथं जीव गेला तिथं जमीन सारवायची, तांदळाचं पीठ पसरायचं, तळव्यानं सपाट करायचं, शेजारी दिवा, आणि पिठावर टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात कसलं पाऊल उमटलंय. जसं पाऊल तसा गेलेल्या माणसाचा पुढचा जन्म. पाखराचं, गाईचं, कधी नुसती मुंगीची रेघ. माझ्या आईच्या वेळी गाईचा खूर उमटला होता असं सगळे सांगतात. टोपलीखाली गाय कशी मावली हे कुणी विचारलेलं नाही.

सकाळी सगळे चुलीपाशी जमले. माझा चुलतभाऊ काशिनाथ, वयानं मोठा म्हणून, त्यानं टोपली उचलली. ओलीनं जमीन एका बाजूला बसली होती, टोपलीखाली फट राहिली होती. पीठ निम्मं गायब. उरलेल्यात बोटं बोटं असलेली पावलं, इकडून तिकडे, आणि मध्ये शेपटी ओढल्याची रेघ. कोपऱ्यात दोन काळ्या लेंड्या.



काशिनाथ वाकला, डोळे बारीक केले. "पाखरू हाय," तो म्हणाला.

"शेपटीचं पाखरू?" मी म्हणालो.

"मोर असंल," मागून कुणीतरी बोललं.

"घूस हाय ती," मी म्हणालो. "लेंड्या बघा. मोर असं करतो का?"

सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली. रडत होती की हसत होती हे मी अजून तिला विचारलं नाही. काशिनाथनं टोपली हळूच परत पालथी घातली, जणू दुसऱ्यांदा बघितलं तर गाय निघेल.

आक्का मात्र हटली नाही. ती माझ्याहून मोठी, तिला सगळे वचकून असतात. ती म्हणाली, "घूस तर घूस. देवानं जो देह दिला तो दिला. पन गण्या, ऐक. आता वरीसभर घरात घुशीला हात लावायचा नाय. पिंजरा नाय, औषध नाय. आनि ती जिकडून येते ते बीळ बुजवायचं नाय. तिची वाट हाय ती."

"आक्का, ती जल्मभर घुशी मारत आली. ती घूस व्हईल?"

"म्हनूनच झाली."

 आक्काचं बोलणं असंच असतं. त्यात कुठून शिरावं तेच कळत नाही.

मी संतोषकडे बघितलं. वाटलं, हा तरी बोलेल. तो माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, आत्या म्हणते तर राहू दे ना. कशाला तिला दुखवायचं? असंही तुम्ही आता आमच्याकडे यायचंय. घर बंदच ठेवणार आपण. उंदीर-घूस काय, कोण बघायला बसलंय?"

तो प्रेमानं बोलला. मी त्याला दोष देत नाही. पण मला तेव्हा कळलं की इथं काय ठरतंय. मातीचं घर बंद ठेवता येत नाही. कुलूप लावलं की घर राहतं असं सिमेंटवाल्यांना वाटतं. मातीच्या घराला रोज धूर लागतो, हात लागतो, शिव्या लागतात. ते नसलं की दोन पावसाळ्यांत कुड बसतो, कौलं खाली येतात आणि वर टाकळा उगवतो. आमच्या आळीत असे दोन ढीग आहेत. मालक शहरात सुखी आहेत. म्हणजे एकीकडे आक्का चांगुणाचं घर चांगुणाच्या नावानं घुशीला देत होती, आणि दुसरीकडे संतोष तेच घर मायेनं ओलीला देत होता. आणि चांगुणानं ज्यासाठी आयुष्यभर कंबर वाकवली ते कुणाला आठवतही नव्हतं. सगळे तिच्यासाठीच रडत होते.

ओढ्यावर गेलो, पिंड ठेवले. कावळा लगेच आला, शिवला, गेला. संतोष हात जोडून "आई, बाबांना मी सांभाळीन" असं म्हणायला तोंड उघडत होता, त्याच्या आधीच. आक्का डोळे पुसत म्हणाली, "बघ, समाधानानं गेली. काय्येक इच्छा मागं ठेवली नाय." ते मी लक्षात ठेवलं.

संध्याकाळी सगळे ओटीवर होते. मी आत चुलीमागं जाऊन बसलो. आमचं बुजवलेलं बीळ फुटलं होतं. काचा होत्या तिथंच होत्या, घुशीनं त्यांना हात लावला नव्हता. ती काचांच्या बाजूनं गेली होती. चांगुणानं ओढलेला एकच हात, वरून कोरडा दिसणारा, आतून ओलाच राहिलेला, तो घुशीनं सोलून काढला होता. दुसरा असता तर धरलं असतं. मला त्यात कुणाचा जन्म दिसला नाही, देव दिसला नाही. राहिलेलं काम दिसलं.

तेवढ्यात घूस बाहेर आली. मोठी होती, मिशांना पीठ लागलेलं. उजेड होता अजून, तरी आली, एवढी धीट झाली होती. मला बघून थांबली. मीही थांबलो. खोटं सांगत नाही, त्या वेळी मी तिच्याकडे वेगळं बघितलं. घरात इतके दिवस माणसं होती, बोलणं होतं, पण चांगुणाशी बोलायचो तसं बोलावं असं कुणी नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "चांगुणे?"

घुशीनं नाक हलवलं आणि सरळ कणगीकडे चालायला लागली. बियाण्याकडे.

आणि मग मला आवाज ऐकू आला. बाहेरून नाही, भुताचाही नाही, इतकी वर्षं कानात बसलेला आवाज. बघत काय बसलाव? काठी घ्या! मी काठी घेतली. घूस परत बिळात. पण मला जे समजायचं ते समजलं. चांगुणा कुठंही गेली असेल, काहीही झाली असेल, पाखरू झाली असेल, मोर झाली तरी माझी हरकत नाही. पण आपल्याच कणगीतलं बियाणं खाणारी होणार नाही. तेवढं मी तिला ओळखतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. गोठ्यातून शेण आणलं, तूस घेतला, लाल माती भिजवली. आमच्याकडे सारवणं हे बाईचं काम, बाप्या माणूस त्याला हात लावत नाही. मी कोपरापर्यंत लावला. चुलीत विस्तव केला, फुटक्या कौलाच्या तुकड्यावर निखारे घेतले, वर सुक्या मिरच्या टाकल्या आणि ते बिळाच्या तोंडाशी धरून सुपानं वारा घातला. चांगुणा असंच करायची. फक्त ती आधी सगळ्यांना बाहेर काढायची, ते मी विसरलो. घरभर माणसं झोपलेली. खोकत, शिंकत, डोळे चोळत सगळं गोत अंगणात पावसात जाऊन उभं राहिलं. सुतकात एवढं कुणी रडलं नव्हतं.

घूस दुसऱ्या तोंडानं, भिंतीच्या बाहेरच्या अंगानं निघाली आणि काशिनाथच्या दोन पायांमधून भाताच्या खाचरात पळाली. काशिनाथनं धोतर धरून उडी मारली. आक्का ओरडली, "गेली गो! माजी चांगुणा गेली!"

"घूस गेली," मी आतून म्हणालो.

ती दारात आली. पदर नाकाला, डोळे लाल. "गण्या, काय करतंस हे? तिची वाट बुजवतंस?"

"काल कावळा शिवला ना?"

"शिवला."

"तूच बोललीस ना, काय्येक इच्छा मागं ठेवली नाय? समाधानानं गेली?"

"बोलले."

"मग समाधानानं गेलेली बाई चुलीमागं भोक पाडून परत कशाला येतेय?"

  आक्का मटकन उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तूस कमी घातलायस. भेग पडंल." मी अजून तूस घातला.

दोन्ही तोंडांत काचा घातल्या. खडे ठोकले. वर गोळा दाबला आणि एक हात दिला. चांगुणाच्या हाताचे ओढलेले अर्धगोल कसे सारखे असायचे, माझे वाकडे आले, कोंबडीनं उकरल्यासारखे. चूल मोठी केली. धूर आढ्याला लागला. खूप दिवसांनी लागला. मी भिंतीसमोर बसून राहिलो. पहिला हात सुकेपर्यंत तिथंच. कुणी चहा आणून दिला, तिथंच प्यायलो. संतोष दोनदा येऊन "बाबा, गाडी सांगितलीय" म्हणाला. मी भिंतीला बोट लावून बघितलं. बोटाला माती आली नाही, तेव्हा उठलो आणि दुसरा हात दिला.

डब्याच्या तळाशी काचा उरल्या होत्या. हिरव्या जास्त, थोड्या लाल. संतोष माझ्या मागं उभा होता. "बाबा, सगळ्याच घालायच्या होत्या ना," तो म्हणाला, "एकदाच काय ते पक्कं झालं असतं."

मी डब्याला झाकण लावलं, आणि तो होता त्या फळीवर, तिचा हात पोचायचा त्या जागी, ठेवून दिला.

"नको," मी म्हणालो. "पुन्यांदा लागतील."